शुक्रवारची वाक्यं

१४ जुलै

वहिनी,

आधी हात पूस आणि मग पुढे वाच. मागच्या पत्रातली अर्धी ओळ तुझ्या तेलकट बोटांनी खाल्ली असं तूच कळवलं होतंस. हे सगळं फोनवर सांगता येत नाही. फोन आईच्या उशाशी, आणि मी कुणाची निंदा सुरू केली की मागून दादाचा आवाज येतो, "जेवलीस का विचार तिला." म्हणजे विषय संपला.

तर निंदा. वर्ग सुरू होऊन महिना झाला आणि साहित्याच्या वर्गात साहित्य वाचणारी मी एकटीच आहे हे मला कळून चुकलंय. माझ्या पुढच्या बाकावर गाईड बसतो. तयार उत्तरांच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणतो, म्हणजे कुणाला कळणार नाही अशी त्याची समजूत. खिडकीजवळ प्रोफेसर. वय बावीस, पण बोलायच्या आधी असा खोकतो की निवृत्तीला आलेला वाटावा. आणि हुंदका. तिला कुठलीही कविता वाचायला दिली की तिसऱ्या ओळीला डोळे भरतात. हजेरी जरा चालीत घेतली तर ती तेव्हाही रडेल.

सध्या घड्याळजीच्या बायकोची कादंबरी चालू आहे. तुला पाठच असेल. नवरा मरतो, हिला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, तरी रोज दुकान उघडून बसते आणि येणाऱ्याला "उद्या या" म्हणते. सरांनी विचारलं, का उघडते? गाईड उठून म्हणाला, "तिचं नवऱ्यावर प्रेम आहे म्हणून." आणि सरांनी ते फळ्यावर लिहिलं. तुझ्या वेळची पद्धत अजून तशीच आहे. दर शुक्रवारी वर्गातल्या कुणाचं तरी एक वाक्य फळ्यावर, आणि परीक्षेत प्रश्न त्या वाक्यांवरच. म्हणजे डिसेंबरात मला गाईडच्या अकलेवर चार पानं लिहायची आहेत. मी म्हणाले, प्रेमबिम काही नाही, लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून त्यानं तिला दुकानात बसवून ठेवलंय.   सर पुढचं पान काढा म्हणाले.

परवा कळलं की मलाही नाव पडलंय. लालपेन. हुंदक्याच्या कवितेतला एक शब्द मी सुधारला होता, एकच. तिनं विचारलंही नव्हतं हे खरं, पण शब्द चूकच होता.

तू इथे हवी होतीस. आई अर्धांगानं पडली तेव्हा तू याच वर्गातून अर्ध्यावर उठून घरी गेलीस, कारण माझी परीक्षा होती आणि दादाची कारखान्यात पाळी. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मी बसते त्या बाकावर कुणीतरी पेनानं एक बारीकसं घर कोरलंय. तूच असशील असं मी ठरवून टाकलंय.

तुझी नणंद

२३ जुलै

नणंदबाई,

हात पुसले, आणि पत्र मोठ्यानं वाचलं. आईंना उशीला टेकवून बसवलं होतं, म्हटलं त्यांनाही करमणूक. हुंदक्यापाशी आल्यावर त्या हसल्या. तोंडाची डावी बाजू हसत नाही त्यांची, पण उजवीनं भरून काढलं. मग पदर ओढून मला काहीतरी विचारत राहिल्या, ते कळायला मला बराच वेळ लागला. "गाईड जेवतो कुठे?" असं विचारत होत्या. घर मी कोरलेलं नाही. मी सरळ मुलगी होते.

आता महत्त्वाचं. मी फॉर्म भरला. बाहेरून बसते आहे. डिसेंबरात पहिल्या सत्राची तोंडी आणि लेखी, त्यात पास झाले तर पुढचं सगळं घरूनच करता येईल. तुझ्या दादाशी बोलले. ते म्हणाले, "एकदा बस. झालं तर झालं. नाही झालं तर हे खूळ पुन्हा काढायचं नाही." रागानं नाही म्हणाले. पाळी करून आलेला माणूस, त्या दिवसांत आईंचं कोण करणार हाच विचार त्यांच्या डोक्यात. मी हो म्हटलं. एकदा म्हणजे एकदाच, हे मलाही मान्य आहे. पण ते एकदा मला हवं आहे गं. किती हवं आहे ते मी त्यांनाही सांगितलेलं नाही.

पुस्तकं माझ्याकडे आहेत, वर्ग नाही. आणि सरांचा पेपर पुस्तकातून येत नाही, फळ्यावरून येतो. म्हणून तू मला दर शुक्रवारचं वाक्य पाठव. नुसतं वाक्य नको, त्याच्या आधी कोण कुणाला काय म्हणालं, कोण चिडलं, सरांनी कुणाला थांबवलं, सगळं. तोंडी परीक्षेत सर तेच विचारतात. तुझ्याशिवाय मला हे सांगणारं दुसरं कुणी नाही.

गाईडच्या वाक्यावर माझं उत्तर असं. ती दुकान उघडते, कारण बंद केलं तर तिला घरात बसावं लागेल. हे मला आईंच्या चादरी पिळताना सुचलं. बरोबर आहे का ते तू सांग, तू शिकते आहेस.

आणि वर्गाचं म्हणशील तर आमच्या वेळीही एक ढ, एक शहाणा आणि एक रडका होताच. मी त्यातली कोण होते ते तेव्हाच्या वर्गालाच विचारावं लागेल. एक ऐक, हुंदक्याला एकदा चहा पाज. रडणारी माणसं चहाला नाही म्हणत नाहीत.

वहिनी

८ ऑगस्ट

वहिनी,

तुझं वाक्य आज फळ्यावर गेलं.

सरांनी गाईडच्या वाक्याला उत्तर मागितलं, मी तुझं वाक्य म्हटलं. तुझं आहे हे सांगणार होते, पण तोवर त्यांनी खडू उचलला होता. पूर्ण लिहून झाल्यावर ते बाजूला सरकून उभे राहिले आणि स्वतःच वाचत बसले. मग म्हणाले, "आता बोला." आणि वर्ग बोलला. पहिल्यांदाच.

प्रोफेसरनं मला काहीतरी विचारलं. मी दिलं उत्तर. गाईड मध्येच तोंड घालत होता. आपलं पुस्तक उघडून, पानावर बोट ठेवून माझ्यापुढे सरकवत होता, जणू मी कादंबरी वाचलेलीच नाही. हुंदका माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होती की वाटावं, माझ्याच घरी कुणी गेलंय. या लोकांची कीव करायची की राग करायचा हे मला कळेनासं झालंय. खोलीवर आले आणि दार लावून घेतलं.

तू काळजी करू नकोस. वाक्यं येत राहतील. अभ्यास कर.

तुझी नणंद

१९ ऑगस्ट

नणंदबाई,

फळ्यावर. माझं वाक्य. मी पत्र घेऊन आधी मोरीत गेले आणि दार लावून हसले, कारण आईंसमोर एवढं हसणं बरं दिसलं नसतं. मग त्यांनाही सांगितलं. तुझ्या दादाला सांगितलं तर ते म्हणाले, "पुसलं असेल आतापर्यंत." पण दोन घास जास्त जेवले, मी पाहिलं.

माझं नाव सांगितलं नाहीस ते काही मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या तोंडून गेलं म्हणजे आपल्या घरातूनच गेलं.

गाईडनं पुस्तक पुढे सरकवलं तर तुझ्या नाकाला मिरच्या का झोंबल्या? मदत करत होता बिचारा. आईंचा तर त्याच्यावर जीव जडलाय. सकाळी तोंड धुवून झालं की पहिला प्रश्न, "गाईड?" मी म्हणते, अजून पत्र नाही. मग दिवसभर प्रोफेसरवर राग. त्यांच्या मते सगळ्या वादाचं मूळ प्रोफेसर आहे, आणि तो खोकतो त्याअर्थी त्याला घरी कुणी बघत नाही. दोन वर्षांत त्यांनी कुणाची एवढी चौकशी केलेली नाही. शेजारीण येऊन बसते तेव्हा भिंतीकडे तोंड करतात.

मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारांना आतून वाक्यं चिकटवली आहेत. मीठ काढायला दार उघडलं की एक वाक्य समोर, साखरेला दुसरं. उत्तर मनात जुळल्याशिवाय दार लावायचं नाही असा नेम केलाय. परवा भात करपला, पण गाईडला गप्प केलं.

प्रोफेसरनं नेमकं काय विचारलं होतं आणि तू काय उत्तर दिलंस, ते मात्र लिहायला विसरलीस. तेच तर मला हवं.

वहिनी

२० सप्टेंबर

वहिनी,

उशीर झाला, पण एकदम बरीच वाक्यं पाठवते आहे.

प्रोफेसरचा प्रश्न आता नीट आठवत नाही, सोडून दे. त्यानंतरचे शुक्रवार जास्त चांगले गेले. गाईडला कुणाचं वारं लागलं कोण जाणे. घड्याळजीच्या बायकोबद्दल तो म्हणाला, "वाट पाहणं हे काम आहे, फक्त त्याला सुट्टी नसते." सरांनी तत्काळ फळ्यावर घेतलं. प्रोफेसर चिडला. म्हणाला, "मग तिचा पगार कोण देतो?" सगळे हसले. त्यावर हुंदका उठली, डोळे कोरडे, आणि म्हणाली, "पगार देणारा मेला म्हणूनच तर काम संपत नाही."

पुढच्या शुक्रवारी कविता होत्या. हुंदक्याला वाचायला सांगितलं. ती वाचून पुरी झाली तरी रडली नाही, आणि सरांनी कारण विचारल्यावर म्हणाली, "दुःख दुसऱ्याचं असलं की नीट वाचता येतं." तेही फळ्यावर. प्रोफेसरचं एक आहे: "कवी खोटं बोलतो तेव्हा अक्षर चांगलं काढतो." त्यावर मी त्याला असा झापला की तो आठवडाभर खोकला नाही.

आईला सांग, गाईड वसतिगृहाच्या खानावळीत जेवतो आणि दोनदा वाढून घेतो. हुंदक्याला चहा पाजला. तू म्हणालीस तशी नाही म्हणाली नाही.

बाकीची वाक्यं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. तीही त्याच तोलाची आहेत.

तुझी नणंद

११ ऑक्टोबर

नणंदबाई,

दोनदा वाढून घेतो हे ऐकून आईंना काय समाधान झालं म्हणून सांगू.

वाक्यं सुरेख आहेत. मला हेवा वाटला. आमच्या वेळी कुणी असं बोलत नव्हतं. आम्ही अडखळायचो, अर्ध्यात विसरायचो, सरच ओढून ओढून आमच्याकडून वाक्य पुरं करून घ्यायचे. तुमच्याकडे सगळे पहिल्या झटक्यात बोलतात. गाईड तर आता तुझ्यासारखाच बोलायला लागलाय. तुझी संगत लागली म्हणायची. बघ, नावं ठेवता ठेवता तू त्यांना घडवलंस, आणि तुला पत्ता नाही.

प्रत्येक वाक्याचं उत्तर मी लिहून काढलंय. बाजूनंही आणि विरुद्धही. सगळ्यात जास्त वेळ हुंदक्याच्या दुःखाला लागला. ती म्हणते दुसऱ्याचं असलं की नीट वाचता येतं. मला वाटतं, दुसऱ्याचं राहत नाही. आईंना घास भरवताना माझंही तोंड उघडतं, माझ्या लक्षात येत नाही, तुझे दादा दाखवतात आणि हसतात. तोंडीत हे सांगेन. घरचं उदाहरण चालेल ना?

आईंचं गिळणं थोडं बिघडलंय. सगळं पातळ करून द्यावं लागतं आणि घाई चालत नाही. परीक्षेच्या दिवसांत आत्याबाई येऊन राहणार आहेत. त्यांना मी आत्तापासून दाखवून ठेवते आहे, मान कशी धरायची, चमचा कुठल्या बाजूनं. त्या म्हणतात, "चार पोरं वाढवली मी." मी पुन्हा दाखवते.

तिकडे आले की तुझ्याच खोलीत उतरेन. मला त्या सगळ्यांना बघायचंय.

वहिनी

६ नोव्हेंबर

वहिनी,

या वेळी बसू नकोस. पुढच्या वर्षी बस.

आईचं गिळणं बिघडलंय असं तूच लिहिलंस. आत्याला ते जमेल असं मला वाटत नाही, तिला घाई असते. आणि या वर्षीचा पेपर अवघड जाणार आहे. सर विचित्र मूडमध्ये आहेत, फळ्यावरचं काहीच विचारणार नाहीत असंही ऐकलं. उगाच तुझं ते 'एकदा' वाया जाईल. दादाला मी समजावते, पुढच्या वर्षापर्यंत थांबायला तो तयार होईल.

माझं ऐक.

तुझी नणंद

१४ नोव्हेंबर

नणंदबाई,

तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं नाही.

दादाला समजावायची गरज नाही. त्यांनी कारखान्यात पाळी बदलून घेतली आहे, आत्याबाईंचं तिकीट आलंय. आता मी थांबते म्हटलं तर सगळ्यांना सुटल्यासारखं वाटेल, आणि पुढच्या वर्षी कुणी विषयही काढणार नाही. हे तुला कळत नाही असं नाही.

दोन दिवस मी विचार करत होते की तू असं का लिहिलंस. तुलाही आतून हेच वाटत होतं का, की मी आईंना सोडून जाऊ नये? तसं असेल तर त्यात गैर काही नाही, आई तुझी आहे. पण मग तसं सरळ लिहायचं, पेपर अवघड आहे म्हणून नाही. मी त्यांना टाकून कुठे पळून चाललेली नाही. दोन दिवसांची परीक्षा आहे.

की माझं वाक्य फळ्यावर गेलं ते तुला सलतंय? हे लिहून मी खोडणार होते. राहू दे.

वहिनी

२१ नोव्हेंबर

वहिनी,

तसं काही नाही. दोन्ही नाही. माझं चुकलं, तू बस.

एकच अडचण आहे. वसतिगृहात आता पाहुण्यांना राहू देत नाहीत, आणि नेमकी त्याच दिवसांत मी एका मैत्रिणीच्या गावी असेन. आमची परीक्षा त्याआधी उरकते. तू दादाच्या त्या मित्राकडे उतर, त्यांचं घर कॉलेजपासून जवळ आहे. भेट होणार नाही याचं वाईट वाटतं.

तुझी नणंद

९ डिसेंबर

नणंदबाई,

काल घरी पोचले. आईंचं वजन उतरलंय, पण आत्याबाईंनी निभावून नेलं. हे पत्र कसं लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आधी तोंडी होती. सरांनी मला ओळखलं. "अर्ध्यावरून गेलेल्या तुम्ही," म्हणाले, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, या सत्रातलं फळ्यावरचं कुठलं वाक्य तुमच्याजवळ राहिलं? मी एका क्षणात हुंदक्याचं सांगितलं. दुःख दुसऱ्याचं असलं की नीट वाचता येतं. आणि माझं उत्तर सुरू केलं, आईंच्या घासाचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "हे आमच्या वर्गात कुणी म्हटलेलं नाही. पण चांगलं आहे. कुठे वाचलंत?" मला वाटलं ते विसरले असतील. म्हणून मी गाईडचं सांगितलं, वाट पाहण्याचं. मग प्रोफेसरचं. ते आपल्या कागदांकडे बघत राहिले. शेजारी दुसऱ्या कॉलेजच्या बाई होत्या, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. सर म्हणाले, "तुम्हाला कुणीतरी चुकीचं कळवलंय." मी म्हटलं, शक्य नाही, माझी नणंद वर्गात असते. त्यांनी तुझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कागद मिटून बाजूला ठेवले.

बाहेर आले तर जिन्यात एक मुलगा बसला होता, हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक. मी विचारलं, "तुम्ही गाईड ना?" तो दचकला. आपल्याला असं म्हणतात हे त्याला माहीतही नव्हतं. मी तुझी कोण ते सांगितल्यावर उठून उभा राहिला. म्हणाला, "त्या ऑगस्टपासून येत नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांच्या घरी काही झालंय." तू ज्या मुलीला हुंदका म्हणतेस ती दोन-तीनदा तुझ्या खोलीवर आली होती. आत दिवा होता, दार उघडलं नाही. तिनं बाहेर चहाचा थर्मास ठेवला, तो तसाच परत नेला. मैत्रिणीच्या गावाचं मी त्याला विचारलं नाही.

लेखी दुसऱ्या दिवशी होती. तो मुलगा लवकर येऊन माझ्यासाठी फाटकात थांबला होता, आणि वर्गाच्या दारापर्यंत चालता चालता खरी वाक्यं मला सांगत राहिला. साधी होती गं. एकही तुझ्यासारखं नव्हतं. डोक्यात काहीच राहिलं नाही.

पेपरात मला ओळखीचं एकच वाक्य होतं. बंद केलं तर तिला घरात बसावं लागेल. खाली लिहिलं होतं, या मताला विरोध करा. मला वाटलं, चला, हे तरी माझं आहे. लिहायला बसले आणि विरोध करता येईना. घरात बसणंही बरं असतं असं लिहायचं होतं, तेवढंच. वेळ संपेपर्यंत मी तिथेच होते. ज्या ओळी लिहिल्या त्या खोडल्या.

मी वसतिगृहाखाली येऊन गेले. दिवा होता. वर आले नाही.

वहिनी

१७ डिसेंबर

वहिनी,

तू खाली उभी असताना मी खिडकीतून तुला पाहिलं. हे आधी सांगते.

प्रोफेसरनं त्या दिवशी विचारलं होतं, "तिच्या घरात असं काय आहे, हे पुस्तकात कुठे आलंय?" मला माहीत नव्हतं. मी कादंबरी निम्मीच वाचली होती, वहिनी. कंटाळा आला म्हणून सोडली होती, आणि महिनाभर त्यांना हिणवत होते की तुम्ही वाचत नाही. मी उभी राहिले, सगळे थांबले. कुणी हसलंही नाही. गाईडनं पान काढून बोट ठेवून दिलं, वाच म्हणून. ज्याला मी रोज मूर्ख ठरवत होते त्यानं मला सगळ्यांदेखत सांभाळून घेतलं, आणि ते मला सहन झालं नाही. ते हसले असते तर मी दुसऱ्या दिवशी गेले असते.

मग एक दिवस गेले नाही. मग आठवडा. परत जायचं तर तोंड कसं दाखवू, आणि तुला न जाता काय कळवू? तुझं पत्र आलं की त्यात असायचं, आई गाईडची वाट बघते. मी बसून लिहिलं. सोपं गेलं. खरा गाईड मला सहन होत नव्हता, पण मी लिहिलेला मला आवडायला लागला. ते सगळे माझ्याशी चांगले वागायचे त्यात. दिवसभर मी खोलीत पडून असायचे आणि शुक्रवार आला की वर्ग भरवायचे. तू उत्तरं लिहीत होतीस हे कळत होतं. नोव्हेंबरात थांबवायचा प्रयत्न केला, पण खरं कारण लिहायला हात उठला नाही. तुझं ते पत्र वाचून वाटलं, माझ्याबद्दल तू एवढं वाईट समजलीस तरी खरं त्याहून वाईट आहे.

मी घरी येते. आईचं मी करते. तू इथे ये, माझ्या जागेवर बस, सरांना मी सांगते, दादाला सांगते, सगळं माझ्या तोंडानं सांगते. तू फक्त हो म्हण.

तुझी नणंद

५ जानेवारी

नणंदबाई,

निकाल आला. नापास. तोंडीतही आणि लेखीतही.

जागा अशी बदलून मिळत नाही. मी ऑगस्टमध्येच कॉलेजला लिहून विचारलं होतं, घरातल्या कुणाच्या बदली दुसरं कुणी बसू शकतं का, तू दार लावून घेतलंस हे वाचून तुला तिथे त्रास होतोय असं वाटलं म्हणून. नाही म्हणाले. आणि आईंचं तुला करता येणार नाही. त्या आता माझ्याच हातून गिळतात, दुसऱ्याच्या हातून ठसका लागतो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही.

मला तुझा राग आला आहे. खूप. तो जाईल की नाही ते सांगता येत नाही. चादरी पिळताना येतो, आणि तेव्हा तू समोर नसतेस हे बरं. निम्मी कादंबरी वाचलीस हे मला जुलैत लिहिलं असतंस, तर उरलेली मी तुला वाचून लिहून पाठवली असती. हसले असते मी, आणि पाठवली असती.

सोमवारी तुमचा वर्ग सुरू होतो. तू जायचंस. मागे बस, पुढे बस, बोलू नकोस, पण जा. दोघींपैकी एकीनं तरी तिथे असायला हवं. कोण काय म्हणालं ते मला कळवू नकोस. मी कपाटाची दारं आतून धुवून काढली आहेत.

दादाला तू काही सांगायचं नाही. ते तुझ्यासाठी नाही. तुझ्या शिक्षणासाठी ते जादा पाळ्या करतात, आणि हे कळलं तर त्यांचं ते एक समाधानही जाईल. मी त्यांना सांगितलं, माझा अभ्यास कमी पडला, घरचं बघून नाही जमलं.

त्यांना ते लगेच पटलं.

वहिनी